चेहरा न आलेला फोटो

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत मी दारव्ह्याच्या एका फोटो स्टुडिओत काम केलं. स्टुडिओवाल्या काकांनी कॅमेरा हातात दिला, शिकवलं आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांचे फोटो काढायला मला एकटीला पाठवलं. त्यांचे उपकार मी विसरलेली नाही.

कापसाला भाव नसलेली ती वर्षं. लोक कापूस विकत नसत, घरातच भरून ठेवत. ज्या घरी कोणी जीव दिलेला असेल तिथं पेपरवाले कॅमेरे घेऊन येत. त्यामुळे माझ्या गळ्यात कॅमेरा दिसला की कुठे कुठे बाया लेकरांना आत ओढून दार लावून घेत. फ्लॅश पडला की घरातलं माणूस जातं, असं बोललं जायचं.

म्हणून बोरी अरबकडच्या एका बंजारा तांड्यावरून एक जण स्वतःहून बोलवायला आला तेव्हा मला नवल वाटलं. त्या साली दोन वेच्यांतच पऱ्हाटीवरचा कापूस संपला होता आणि तो बायको-लेकरांना घेऊन ऊसतोडीला निघाला होता. भाव येईपर्यंत घरातला कापूस राखायला म्हातारी आई मागं राहणार होती. तिचा एकही फोटो नव्हता.

"याडीचा फोटो संग पायजे," तो म्हणाला. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

याडी जुन्या वळणाची. अंगात आरसे जडवलेली कांचळी, डोक्यावरून आरशांच्याच काठाची ओढणी. मागं आढ्यापर्यंत कापूस. कापसाच्या खोलीत आवाज मरतो. मी "आजी, हलू नका" म्हटलं, ते माझ्याच ओठांशी अडकल्यासारखं वाटलं. चार फोटो काढले आणि निघाले.

यवतमाळच्या लॅबमधून फोटो आले. चारही फोटोंत चेहरा नव्हता. कापूस दिवेलागणीच्या ढगासारखा राखाडी, अंगावरचे आरसे पेटलेले, आणि ओढणीच्या आत नुसता काळोख.

"माणूस बसवला होता का नुसते कपडेच?" काका म्हणाले. पण हसले नाहीत.

पुन्हा काढावे लागतील हे सांगायला मी तांड्यावर गेले. मी तोंड उघडायच्या आत याडीनं फोटोंचं पाकीट ओढून घेतलं. एक फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"बराबर हाय," ती शांतपणे म्हणाली. "मी गेली. आंग राह्यलं फक्त."

त्या दिवसापासून तिनं जेवण सोडलं. दोन दिवसांनी मुलगा स्टुडिओत आला. "भाकर पुढं ठेवली का म्हणते, मेलेल्याले कायले वाढून राह्यली? मुकादमाचा ट्रक आठ दिवसांत येते. तिले अशी टाकून मी जाऊ कसा, बाई?"

तो गेल्यावर मी फ्लॅश हातात घेऊन बसले. ऑटोमॅटिक फ्लॅशच्या पुढच्या अंगाला मुगाच्या दाण्याएवढा एक डोळा असतो. समोरच्यावर आदळून परत आलेला उजेड तो मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश तिथंच तोडतो. आपली पापणी लवायच्या आत हे सगळं उरकतं. म्हणूनच फोटोतलं माणूस पांढरंफटक पडत नाही, नेहमीसारखं दिसतं. पण परतणारा उजेड माणसाचा की आरशाचा, हे त्याला कळत नाही. कांचळीच्या आरशांनी आणि मागच्या कापसानं सगळा उजेड त्याच्या तोंडावर फेकला असणार. काम झालं असं समजून त्यानं हात आखडता घेतला, आणि तिच्या सावळ्या चेहऱ्यापर्यंत काही पोचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर जाऊन हे मी याडीला समजावलं. तिनं मला बोलू दिलं, एवढंच.

"आजी, फोटोपुरती कांचळी बदलता का?"

"हे काढली त मले वळखीन कोन?"

मग मी तिला दाराच्या बाजूला सरकवलं, कापूस तिच्या उजव्या हाताला घेतला. फ्लॅशचं डोकं कापसाकडे वळवलं, म्हणजे उजेड कापसावरून परतून तिच्यावर पडेल. त्याचा डोळा मात्र तिच्याकडेच राहिला. बटण दाबलं. नेहमीसारखी चमक झालीच नाही. क्षणभर ती सगळी रास आतून उजळली, जणू राशीच्या पोटात कोणी कंदील धरला. खोलीत कशाचीच सावली पडली नाही. माझीसुद्धा. याडीनं मान वळवून कापसाकडे पाहिलं.

"कोन आलं?" तिनं विचारलं.

उरलेले फोटो मी कसेबसे काढले.

या खेपेला चेहरा आला. सकाळच्या कोवळ्या उजेडात ओट्यावर बसलेल्या बाईसारखा. फ्लॅश मारलाय असं कोणी म्हटलं नसतं. ट्रक यायच्या आदल्या दिवशी मी तो तिच्या हातात दिला.

"हे त माही याडी. न्याले आली मले."

सून पुढं झाली. "तुमच्या मायच्या गालालेबी बैलाचं शिंग लागलं होतं का?"

याडीनं फोटोतल्या गालावरचा वण बोटानं चाचपला. मग तेच बोट स्वतःच्या गालावर नेलं. खूप वेळ ती दोन्हीकडे चाचपत राहिली.

"इतली बुढी कवा झाली वं मी?" ती म्हणाली. आणि सुनेकडे पाहून, "पाहून काय राह्यली? भाकर आन."

ती जेवली. मुलानं फोटो कपड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. मी पाकिटातले आधीचे चार फोटो फाडायला घेतले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"एक काळा मले दे."

"त्याचं काय करतं, याडी?" मुलगा म्हणाला.

"तुम्ही गेल्यावर घरात कोनी पायजे ना."

मी त्यातल्या त्यात स्वच्छ आलेला एक काढला, पदरानं पुसला आणि तिला दिला.