देव्हाऱ्यातला निळा रुपया

उकडलेलं अंडं सोललं की तो गंधकाचा वास नाकात जातो आणि मला गिरगावातले ते गृहस्थ आठवतात. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. परळच्या आमच्या चाळीखालून मोर्चा चालला होता, आणि हे कडक इस्त्रीच्या कोटात आमच्या खाटेवर बसून एक राणीछाप रुपया माझ्या गळ्यात मारत होते. रुपया मोरपिसासारखा निळा. "साठ वर्षं आमच्या देव्हाऱ्यात होता. रंग आपोआप चढलाय. मराठी माणूस मराठी माणसाला फसवेल का?" मीही जुन्या नाण्यांचा नाद लागलेला विशीतला दीडशहाणा, लगेच हुरळलो. बदल्यात आजोबांचा रुपया द्यायला निघालो. कागदाच्या पुडीत वर्षानुवर्षं राहून कडेकडेने सोनेरी-काळसर होत गेलेला, अस्सल. आई तांदूळ निवडत होती. तिने तो निळा रुपया उचलला, हुंगला आणि शांतपणे विचारलं, "साठ वर्षं देव्हाऱ्यात? म्हणजे तुमच्याकडे दिवाळीला देव चिंचेने उजळत नाहीत वाटतं?" गृहस्थांनी निळा रुपया उचलून घाईघाईने खिशात टाकला. अंड्याच्या बलकात रुपया पुरून रंगवायची अक्कल होती, पण देव्हाऱ्यातली चांदी दरवर्षी घासून लख्ख होते एवढं त्या पढतमूर्खाला सुचलं नव्हतं. तो जिना उतरला, मोर्चात घुसला आणि सगळ्यांहून मोठ्याने घोषणा देऊ लागला. आजोबांचा रुपया अजून त्याच पुडीत आहे. आणि आजही कुणी रंगीत नाणं पुढे करून घराण्याचा इतिहास ऐकवू लागला, की मी ते नाकाशी नेतो आणि विचारतो, "तुमच्याकडे दिवाळीला देव उजळतात ना?"