मूठभर जास्तीचं माप

राणीसावरगावच्या आमच्या धनगरवाड्यावर कासाबाईचे उपकार आहेत, आणि ते न मानणाऱ्याशी मी आजही भांडते.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळातली गोष्ट. मी तेव्हा नवी सून. इंग्रजांच्या आणि त्यांच्या दोस्त मुलखांच्या फौजांना लागणारा माल गावोगावी तयार होत होता. निजाम सरकारनंही घोंगड्यांचा वाटा उचलला होता. आमच्या वाड्याला बेचाळीस घोंगड्यांचं काम मिळालं. पाऊस कमी, ज्वारी महाग. वर्षाची सगळी लोकर त्यातच घातली.

आणि गंगाखेडच्या तपासणीत बेचाळीसही परत! कमी भरल्या म्हणून नव्हे, जास्त भरल्या म्हणून. आमच्यात घोंगडी हातानं मोजून झाली की वर एक मूठ जास्त विणायची रीत. पांघरणाऱ्याचे पाय उघडे पडले तर विणणाऱ्याला पाप! त्यातून प्रत्येक घराचा हात वेगळा, मूठ वेगळी.

तपासनीस माणूस सज्जन होता. माल घेऊन गेलेल्या कासाबाईला म्हणाला, "माई, माल अच्छा है. मगर पंजाब, कानपूर, हैदराबाद, सबका नाप एक होना." पंधरा दिवसांत माप नीट करा, नाहीतर काम दुसऱ्या गावाला.

कासाबाईचा नवरा मुंजाजी वर्षापूर्वीच गेला होता. त्याची तेल पाजलेली वेळूची काठी घेतल्याशिवाय ती गाव सोडत नसे. तिनं ती तपासनिसाच्या मोजायच्या लोखंडी गजाला लावून पाहिली. घोंगडीच्या सरकारी मापाच्या निम्म्यापेक्षा काठी बरोबर मूठभर जास्त.

इकडं वाड्यावर कुणाचा हात खरा यावरून हमरीतुमरी. सगळ्यांत मोठा आवाज माझ्या सासऱ्यांचा, सटवाजींचा. कासाबाईनं काठी कापायला करवत मागितली, तसे ते पुढं आले.

"वैनी, मुंजाजीची निशानी हाय ती. नुसती खूण करा की."

"खूण केली तर तुमचा हात मूठभर फुडं सरकंल, भावजी. मला आपली सवय ठावं हाय."

काठी कापताना ती लय रडली. पण कापली सरळ.

मग ती काठी घरोघर फिरली. प्रत्येक घोंगडीची कड उसवून, दोन काठ्या मोजून पुन्हा बांधली. पंधराव्या दिवशी बेचाळीसही पास! लढाई संपेपर्यंत काम येत राहिलं. त्या वर्षांत आमच्या चुली विझल्या नाहीत, त्या तिच्यामुळे.

कापलेला तुकडा तिनं देवाजवळ ठेवला होता. अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली, तेव्हा सासऱ्यांनी तिच्यासाठी घोंगडी विणायला घेतली. दोन काठ्या भरल्या. मग त्यांनी देवाजवळचा तुकडा मागून आणला, कडेला लावला आणि तेवढं जास्त विणलं.

माती देताना तीच घोंगडी तिच्यावर घातली. तिचे पाय उघडे पडले नाहीत.