हिराबाईंना हळदीला नाचायचंय

हाडांच्या धंद्यात एक गंमत आहे. पेशंटची हाडं झिजत जातात आणि आमच्याकडचे किस्से वाढत जातात! अंबरनाथ पूर्वेला माझं छोटंसं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. सकाळी तिथं साठीपुढच्या बायकांचा व्यायामाचा क्लास घेते. व्यायाम थोडा, गप्पा फार.

* * *

खरवईच्या हिराबाई आल्या त्या मनगट मोडून घेऊनच. पडल्या कशा? तर म्हणे सुनेमुळे!

"मसाल्याची फली वर चरवलीन तिनी. मुद्दाम! माजा हात पोचू नये म्हनून."

सून रडकुंडीला आलेली. "मॅडम, फळीला कुणी हातसुद्धा लावला नाही हो!"

हात पोचेना म्हणून हिराबाई स्टुलावर चढल्या आणि धाडकन खाली आल्या. पाठीचा एक्स-रे पाहिला, तर मणके दबलेले. म्हटलं, "हिराबाई, फळी वर नाही गेली, तुम्हीच बुटक्या झालात! हाडं ठिसूळ झाली की असं होतं."

हिराबाईंनी सुनेकडे बघितलं. "मंग फली खाली घे!"

* * *

ऑर्थोच्या डॉक्टरांनी बजावलं, "आता परत पडलात तर खुबा मोडेल." त्या धसक्यानं बाई घरातल्या घरात भिंतीला धरून चालायला लागल्या.

मला एवढंच म्हणाल्या, "नातीचे हलदीला मना नाचाचा हाय. तवर उभी करा." आणि डोळ्याला पदर लावला. म्हटलं, करू की!

* * *

क्लासमधल्या सगळ्यांना हाडांची घनता तपासायला पाठवलं. हाडं झिजली की रिपोर्ट मायनसमध्ये येतो. मायनस जितका मोठा, तितकं हाड नाजूक.

"माझं मायनस दोन," फॅक्टरीतून रिटायर झालेल्या कांबळे मावशी म्हणाल्या. "तुमचं?"

"मायनस तीन!" हिराबाई ऐटीत.

मावशींचा चेहरा पडला. "मॅडम, परत चेक करता येईल का?"

क्लासमधल्याच लक्ष्मी आंटींचं उल्हासनगर कॅम्प एकमध्ये साड्यांचं दुकान आहे. त्यांनी दोघींना गप्प केलं. "अरे, टेन्शन कायको? स्टॉक कम हुआ है, दुकान थोडी बंद हुई!"

तेव्हापासून कुणी नाचणीची भाकरी खाल्ली, दूध प्यायलं, की क्लासमध्ये म्हणतात, "माल भरला!"

* * *

"कोवळ्या उन्हात बसत जा," असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी क्लिनिकच्या गच्चीवर जाऊन बघते तर तिघी रांगेत बसलेल्या. डोक्यावर छत्री, तोंडाला स्कार्फ!

"अहो, ऊन लागणार कुठं?"

"म्हंजे लगनाच्या तोंडावर कालं परायचं?" हिराबाईंनी मलाच झापलं.

* * *

मग घरातल्या पडझडीवर लेक्चर दिलं. बाथरूममध्ये दांडी बसवा, पायात अडकतील अशी पायपुसणी उचला. कांबळे मावशींनी त्याच दिवशी सगळी उचलली. मी शाबासकी दिली.

"फेकून दिलीत ना?"

"फेकते कशाला? जावेला दिली."

* * *

लग्न जवळ आलं. हिराबाई आता भिंत सोडून चालत होत्या, एका पायावर उभ्याही राहत होत्या. डॉक्टरांनी अखेर परवानगी दिली, पण एका अटीवर. "एकटीनं नाचायचं नाही. दोन्ही बाजूंनी धरायला माणूस हवा."

हळदीला खरवईत बेंजोचा बँड सुरू झाला. डॉक्टर आणि मी कोपऱ्यात प्लेट घेऊन बसलो होतो. तोंड पिवळंधमक करून हिराबाई थेट आमच्यापुढे येऊन उभ्या.

"दोन बाजूला मानूस पायजे ना? चला!"

नाही कोण म्हणणार! एका हाताला मी, दुसऱ्या हाताला डॉक्टर. बाई पाय रोवून, गुडघ्यात किंचित वाकून मस्त ठेका धरत होत्या. माझी नजर मात्र त्यांच्या पायांवरून हलत नव्हती. देवा, आज काही होऊ देऊ नकोस!

आणि सांडलेल्या हळदीवरून पाय सटकला. डॉक्टरांचा!

हिराबाईंनी त्यांचा दंड गच्च धरला, ओढून सरळ उभं केलं आणि ठेका न सोडता म्हणाल्या,

"डाक्तर, उद्या सकाली किलासला या!"