दहाव्याचा कावळा आणि माझा कीबोर्ड

वडलांच्या दहाव्याला मी फोन बंद करायला विसरलो. केदारखेड्याच्या नदीकाठी पिंड मांडून तास झाला होता, भाताचा वास ओल्या मातीत मिसळत होता, आणि कावळे काही बाभळीवरून उतरेनात. "काहीतरी राह्यलंय त्याच्या मनात," आत्या म्हणाली. काय राहिलं होतं ते मला बराबर माहीत होतं. लहानपणापासून मला कीबोर्डमधल्या एकाच आवाजाचं वेड. खालून चढत जाणारा, पत्रा हलवल्यासारखा थरथरणारा 'व्याँऽऽव'. शेवटच्या आजारपणातही वडील भिंतीवर हात आपटायचे आणि मी हेडफोन आणतोच म्हणत वाजवत राहायचो. मी हात जोडले, "बाबा, कीबोर्ड विकून टाकतो." एक कावळा खरंच उतरला, दोन उड्या मारत पिंडाजवळ आला, आणि शेजारी काढून ठेवलेल्या माझ्या शर्टाच्या खिशात तोच आवाज वाजला. रिंगटोन मीच बनवली होती. कावळा उडाला तो उडालाच. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. कीबोर्ड अजून घरातच आहे. तो आवाज आजही आवडतो, पण वाजवला की मागून आत्या बोलते, "जित्तेपणी माझ्या भावाला झोपू दिलं न्हाईस, मेल्यावर जेवू तरी द्यायचं होतं!"