भाच्याचा शब्द

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगतो. वर्तमानपत्राच्या पुरवणीत लोक मोठ्या माणसांविषयी लिहितात. माझे मामा दरेकशाला रेल्वेच्या लाइनीवर गँगमन होते, आणि मी आमच्या घरातून नागपूरला कॉलेजात आलेला पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्यावं... मामांना जाऊन दीड महिना झाला, तरी गावाकडची गाडी म्हटलं की फलाटाच्या टोकाला ते उभे दिसतात.

मामांना दमा होता. बोलताना वाक्य मध्येच थांबायचं, उरलेलं आपण समजून घ्यायचं. उन्हाळ्यात मी त्यांना नागपूरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कॉर्टिझोन नावाच्या नव्या औषधाच्या गोळ्या दिल्या आणि निघताना म्हणाले, "मला विचारल्याशिवाय बंद करू नका." डॉक्टर असं म्हणतातच, असं मला वाटलं. मामांनी तंबाखूची डबी घासून पुसून त्यात गोळ्या ठेवल्या.

दिवाळीत गेलो तर मामा स्वतः स्टेशनवर आलेले. चेहरा लहान मुलासारखा गोल, गाल वर आलेले. त्यांचा गँगमधला जोडीदार म्हणाला, "काऊन गा, घरवाली कायचं तूप चारून राहिली तुले?"

"तुले काऊन जळून राहिलं?" म्हणत मामा हसले. मध्ये श्वास न घेता, पोटभर. ते हसू मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मग ते वाकले. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. कॉलेजात गेल्यापासून मला त्याचा संकोच वाटायचा. मी पाय मागे घ्यायचो, आणि ते पुढे सरकून पडायचेच.

घरी मामी म्हणाली, "भूक लय लागते यायले. अन हातावर निळे डाग उठून राहिले." डाग मी पाहिले. लाइनीवरच्या कामानं असतील, म्हणालो. त्या गोल चेहऱ्याकडे पाहताना दुसरं काही सुचत नव्हतं.

निघताना मामांनी विचारलं, "बरा दिसून राहिलो का, भाचे?"

"दिसता काय, मामा, झालातच बरे."

"मंग गोली कायले खाऊ?"

"आता नाही खाल्ली तरी चालेल," मी म्हणालो. फार विचार न करता... गाडी आली होती.

तीन आठवड्यांनी मी आनंदाने डॉक्टरांना सांगायला गेलो. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तो चेहरा तब्येतीनं भरला नव्हता, गोळ्यांनी सुजला होता. डागही गोळ्यांचेच. पण एकदम बंद केल्या की शरीराला साधा तापसुद्धा झेपत नाही. हळूहळू कमी करायच्या असतात. आजच्या गाडीनं जा, आणि आधी गोळी द्या."

पिशवी घ्यायला खोलीवर धावत आलो. दाराच्या फटीत पोस्टकार्ड होतं. त्याचा कोपरा फाडलेला होता, म्हणजे मरणाची बातमी, हे न वाचताच कळलं. मास्तरांच्या अक्षरात मामीनं लिहून घेतलं होतं: चार दिवस ताप आला, उलट्या झाल्या, उठवेना, मंगळवारी सकाळी गेले. डबी भरलेलीच आहे. मी म्हटलं, पुन्हा खाऊन पाहा. तर म्हणाले, भाच्याचा शब्द आहे, मोडू कसा?