फौजदारबाईंची बैठक

फौजदारबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका माणसाच्या कानाखाली वाजवत होत्या, आणि तेही हातातला माईक खाली न ठेवता. नोएडातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दिल्लीतल्या मराठी पत्रकारांची आणि माझ्यासारख्या जनसंपर्कात काम करणाऱ्यांची महिन्याची बैठक होती. मी पुण्याहून नवीनच आले होते. बाई पुढच्या बैठकीची तारीख सांगत होत्या. बोलता बोलता त्यांची नजर कडेच्या खुर्च्यांकडे गेली. एका वाहिनीतला बडा माणूस शेजारच्या शिकाऊ मुलीच्या खांद्यावर हात टाकून बसला होता. ती झटकत होती, तो काढत नव्हता. बाई मंचावरून उतरल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हाणली. तो आवाज माईकमधून हॉलभर घुमला. मागच्यांपैकी कुणीतरी ते फोनवर टिपलंही. बाई त्याच माईकवर म्हणाल्या, "तर, पुढच्या महिन्यात दुसरा शनिवार, दुपारी चार. वेळेवर या."

त्यांचं खरं नाव फार कमी लोक घेत. त्या मूळच्या सोलापूरच्या. लग्न होऊन दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या, आणि नवरा मंत्रालयात फायली बघत असताना त्यांनी एका हिंदी दैनिकात गुन्हेगारीची बातमीदारी धरली. पोलीस चौक्या, शवागारं, कोर्टाचे व्हरांडे यांत त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून त्या फौजदारबाई. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा नवरा वारला होता आणि त्या नोएडात तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत होत्या. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. एका दंगलीत जमावानं कॅमेरा हिसकावला होता आणि एकानं त्यांच्या हातावर बूट ठेवला होता. "ठेवला नाही गं, दाबला," त्या म्हणायच्या. "ठेवणं आणि दाबणं यातला फरक मला अजून थंडीत कळतो."

शब्दांच्या बाबतीत त्या अशाच कडक होत्या. कुणी 'झटापट' लिहिलं की त्यांचं डोकं फिरे. "झटापट दोघांत होते. इथे चौघांनी एकाला मारलंय. मारलं म्हण." 'अज्ञात इसम' हा शब्द तर त्यांना शिवीसारखा वाटे. "अज्ञात कसला? अख्ख्या गल्लीला त्याचं नाव माहीत आहे. तुला लिहायची भीती वाटते, एवढंच." एकदा आम्ही सगळे पानिपतला काला अंबला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकापाशी, गेलो होतो. तिथे एक वक्ता रक्ताच्या पाटांबद्दल आणि तलवारींच्या खणखणाटाबद्दल घसा फोडून बोलत होता. बाई पुढच्या रांगेतून उठून म्हणाल्या, "अहो, ती माणसं आदल्या दिवसापासून उपाशी होती. ते सांगा की आधी."

त्या वर्षी समीना बैठकीला येऊ लागली. ती लातूरची. यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीला आली, परीक्षेचा नाद सुटला आणि एका छोट्या वेबसाइटवर बातमीदार झाली. यमुनेच्या काठावरून चोरून वाळू उपसणाऱ्यांवर तिनं एक बातमी केली होती. त्यात ट्रॅक्टरखाली चिरडलेल्या एका चौकीदाराचं मरण होतं, जे कागदोपत्री अपघात ठरलं होतं. बाईंनी ती बातमी वाचली आणि आमच्या ग्रुपवर टाकलं: पुढच्या शनिवारी समीना बोलणार.

दुसऱ्या दिवसापासून बाईंना फोन सुरू झाले. पहिल्यानं समजावलं, दुसऱ्यानं शिव्या दिल्या, तिसऱ्यानं समीनाच्या खोलीचा पत्ता वाचून दाखवला. सोसायटीनं हॉल नाकारला. मी बाईंना म्हणाले, "बाई, एक महिना पुढे ढकलूया. हे लोक थंड होतील."

"हे लोक थंड होत नाहीत, आपण होतो," त्या म्हणाल्या. "माझ्या घरी घेऊ." मग समीनाकडे वळून त्यांनी विचारलं, "तुला बोलायचं नसेल तर आत्ता सांग. मी एका शब्दानं बोलणार नाही."

समीना म्हणाली, "बोलायचंय."

शनिवारी नेहमीच्या निम्मी माणसं आली. दाराजवळच्या खुर्चीवर देवधर बसले होते. एका वृत्तसंस्थेत उपसंपादक, आवाज इतका हळू की पाणी मागितलं तरी दोनदा विचारावं लागे. त्यांची बायको वैशालीवहिनी बाहेरगावी होती, म्हणून ते एकटेच आले होते. बाईंनी पोहे केले होते. समीना बोलायला उभी राहून फार वेळ झाला नव्हता, तोच बाहेर गाड्यांची दारं आपटली. पाठोपाठ आमचं दार लाथेनं उघडलं. तोंडाला गमछे बांधलेले सात-आठ जण. हातात हॉकीच्या काठ्या, दोघांकडे लोखंडी गज.

"समीना कौन है?"

बाई म्हणाल्या, "मैं हूँ."

"हट बुढ़िया."

तेव्हा देवधर उठले. कसं सुचलं कोण जाणे, पण ते आपल्या पुणेरी हिंदीत म्हणाले, "भाईसाहब, आप पहले बैठिए तो सही." समोरच्यानं गज आडवा फिरवला. तो त्यांच्या चेहऱ्यावर बसला. ते ओरडलेसुद्धा नाहीत. दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसले, आणि बोटांच्या फटींतून रक्त सांडायला लागलं.

नंतरचं मला सलग आठवत नाही. खुर्च्या भिंतीवर फुटत होत्या. टीव्ही कोसळला. माझ्या पाठीत काठी बसली आणि मी टेबलाखाली तोंडावर पडले. तिथून मला फक्त पाय दिसत होते, बूट, चपला, आणि रक्तात कालवलेले पोहे. मी मान उचलली तेव्हा बाईंनी समीनाला न्हाणीघरात ढकललं, बाहेरून कडी घातली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा वरवंटा उचलून दाराशी उभ्या राहिल्या. पहिला जवळ आला, त्याच्या मनगटावर त्यांनी तो सगळ्या जोरानिशी हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी टेबलाखाली ऐकला. दुसऱ्यानं हॉकी त्यांच्या कानावर मारली. त्या भिंतीवर आदळल्या, घसरल्या, पण दार सोडलं नाही. त्यानं पुन्हा काठी उगारली. तेवढ्यात मनगट मोडलेल्याचा गमछा सुटला.

बाईंनी वर पाहिलं आणि एकदम ओरडल्या, "अरे बंटी! रामफल का बेटा बंटी!"

तो थिजला. त्याच्या पहिल्या खटल्याची बातमी बाईंनीच केली होती, त्याच्या बापाशी कोर्टाच्या व्हरांड्यात कितीदा बोलल्या होत्या. त्या नाव घेत राहिल्या. त्याचं, बापाचं, गल्लीचं. आवाज वरच्या मजल्यांपर्यंत गेला, बाल्कन्यांत माणसं आली. ते सगळे पळाले. "जमावातल्या एकाचं नाव घेतलं ना, की तो एकटा पडतो," असं त्या मला नंतर म्हणाल्या. तेव्हा त्यांच्या उजव्या कानातून अजून रक्त येत होतं. त्या कानानं त्यांना पुढे कधीच ऐकू आलं नाही.

रुग्णालयाच्या बाकावर बसून मी ग्रुपवर टाकायला निरोप लिहिला: बैठकीत गोंधळ झाला. बाईंनी फोन हातात घेतला, 'गोंधळ' खोडलं आणि 'हल्ला' लिहिलं. मग फोन परत देत म्हणाल्या, "देवधरचा डोळा गेला, तेही लिही. नावासकट लिही."

रात्री उशिरा वैशालीवहिनी आल्या. नवऱ्याला पाहून बाहेर आल्या आणि सरळ बाईंसमोर उभ्या राहिल्या. "तुम्हाला फोन आले होते. माहीत होतं तुम्हाला. तुमच्या बैठकीनं माझ्या नवऱ्याचा डोळा खाल्ला." मला वाटलं, बाई काहीतरी म्हणतील. समीना, चौकीदार, सत्य. त्यांच्याकडे शब्दांची कधी कमी नव्हती. पण त्या म्हणाल्या, "हो." एवढंच. वहिनींनी त्यांना ढकललं. बाई भिंतीला टेकल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

चौकीत साहेबांनी चहा मागवून समझोत्याचं सुचवलं. बाईंनी चहा घेतला, समझोता घेतला नाही. खटला उभा राहिला. साक्षीच्या वेळी विरुद्ध बाजूच्या वकिलानं हॉलमधल्या त्या थपडेचा व्हिडिओ दाखवला. "ये तो खुद मारपीट करने वाली औरत हैं. थप्पड़ मारा था कि नहीं?"

"मारा था," बाई म्हणाल्या. "वो भी सबके सामने, अपना चेहरा खुला रखकर. इनसे पूछिए, इन्होंने मुँह क्यों ढका था?" बंटी आणि त्याच्या साथीदारांना शिक्षा झाली. त्यांना ज्यानं पाठवलं त्याचं नाव कोर्टात कधी आलं नाही. ते बाईंना शेवटपर्यंत खुपलं.

बैठका थांबल्या नाहीत. समीना तारखा ठरवू लागली आणि हॉलही पुन्हा मिळाला. पण बाईंनी माईक कधी हातात घेतला नाही. त्या मागच्या रांगेत, चांगला कान मंचाकडे करून बसत. मी एकदा विचारलं, "बाई, पुन्हा तोच प्रसंग आला तर बैठक घ्याल?" "घेईन," म्हणाल्या. "आणि पुन्हा मला झोप लागणार नाही. दोन्ही खरं आहे."

गेल्या हिवाळ्यात त्या घरात पडल्या त्या उठल्याच नाहीत. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टर म्हणाले, जुन्या माराशी संबंध असेलही, नसेलही. शोकसभेला हॉल भरला होता. आणि वैशालीवहिनी आल्या, देवधरांचा हात धरून. कुणी त्यांना बोलवलं नव्हतं, बोलायची विनंतीही केली नव्हती. त्या स्वतः पुढे गेल्या.

"माझा राग गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी त्यांना शूर म्हटलंत. असतील. आमच्या घरी त्या दर रविवारी यायच्या. पहिल्या वेळी मी दार तोंडावर आपटलं. पुढच्या रविवारी पुन्हा हजर. मग मी आत घेतलं, शिव्या द्यायला. मनात येईल ते बोलायची मी. त्या चांगला कान माझ्याकडे करून बसायच्या, एक शब्द चुकू नये म्हणून. कधी माफी मागितली नाही, कधी समजावलं नाही. माझं संपलं की, उरलेल्या डोळ्यावर ताण नको म्हणून, यांना पेपर वाचून दाखवायच्या आणि जायच्या."

त्यांनी माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"काल रविवार होता. मी दार उघडं ठेवून बसले होते. आता मी भांडू कुणाशी?"