काळ्या वाळूतला स्पंज

बरणी ट्यूबलाइटसमोर धरायची, नखानं काचेवर दोनदा टकटक करायचं आणि आतल्या गोळ्याला विचारायचं, "बोल बाप्पा, काय लपवून राह्यला?" सरांच्या कामाची सुरुवात अशी व्हायची. उत्तर येईल इतका वेळ ते थांबायचेसुद्धा. मी बाजूला काचेच्या नळ्या धूत असायचे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, या माणसापासून जरा जपूनच राहावं.

बरणीत स्पिरिट आणि स्पिरिटात समुद्रातला स्पंज. तुम्हाला स्पंज म्हटलं की भांडी घासायचा आठवेल. मला आमचं जाळं आठवतं. माझं माहेर मालवणच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. जाळ्यात मासळीबरोबर हे गोळे यायचे, हाताला लागले की खाज सुटायची, आम्ही शिव्या घालून परत पाण्यात फेकायचो. सातवीत शाळा सोडल्यापासून लग्न होईपर्यंत मी तेच केलं, मासे निवडले. मग नवऱ्याला वणीला कोळशाच्या ट्रकवर काम मिळालं आणि मी यवतमाळला एका खोलीत आले. तो चार-चार दिवस बाहेर. शेजारी चांगले होते, पण मी बोलले की हसायचे आणि ते बोलले की मी गप्प बसायचे.

औषधांच्या कॉलेजात काचसामान धुवायला बाई हवी होती. सरांनी मला एवढंच विचारलं, गावाकडे काय करत होतात? मी भीत भीत मासे निवडायचं सांगितलं आणि खाज सुटणाऱ्या गोळ्यांचंही तोंडातून निघून गेलं. सर खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "म्हणजे तुम्ही याले जिता पाह्यला? या बिल्डिंगीत कोणीच नाही पाह्यला, ताई. मीबी नाही." त्या एका गोष्टीवर मला काम मिळालं. आजही मी त्याच कामावर आहे.

सर दिग्रसचे, मोटार मेकॅनिकचे चिरंजीव. हातरुमालाऐवजी खिशात फडकं ठेवायचे, ती वडिलांची सवय. त्यांनी मला समजावलं ते असं: स्पंज हा प्राणी आहे, पण त्याला पळता येत नाही, दात नाहीत, नख्या नाहीत. मग तो करणार काय? खाणाऱ्याला, कुजवणाऱ्याला पुरून उरेल असं काहीतरी अंगातच करून ठेवतो. त्यातलंच एखादं माणसाच्या जखमेतल्या जंतूवर चालेल. स्पंज चिरून स्पिरिटात भिजवायचा, स्पिरिट उडवून द्यायचं, खाली तपकिरी चिकटा उरतो. त्याचा थेंब कागदाच्या टिकलीवर घेऊन जंतू पेरलेल्या प्लेटमध्ये ठेवायचा. औषध असेल तर दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ कडं दिसतं; तिथं जंतू वाढलेले नसतात. बहुतेक वेळा कडं नसायचंच.

बाकीचे शिक्षक त्यांची मजा करायचे. एकजण रोज विचारायचे, सर, बेंबळा धरणात नाही का सापडत तुमचा स्पंज? सर चहा पीत शांतपणे म्हणायचे, "मुंबईत कुठी कापूस पिकते? तरी गिरण्या तिथंच होत्या ना."

आता माझी चूक सांगते. एकदा उन्हाळ्याच्या शेवटी किनाऱ्यावरच्या ओळखीच्या माणसाकडून पाच बरण्या आल्या. प्रत्येकीत स्पंजाबरोबर कागदाची एक चिठ्ठी होती, पेन्सिलीनं खरडलेली, भिजून चुरगळलेली. मला वाटलं, घाण पडली आहे. मी चिमट्यानं पाचही चिठ्ठ्या काढून टाकल्या, बरण्या लख्ख पुसल्या आणि बाहेरून कागद चिकटवून बॉलपेननं सुंदर अक्षरात एक ते पाच आकडे घातले. सर खूश होतील म्हणून.

पुढं पावसाळ्यात तीन नंबरच्या चिकट्यानं कडं धरलं. रुपयाएवढं नव्हे, त्याहून मोठं. सर प्लेट घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरले, धरणाचं विचारणाऱ्या शिक्षकांनाही दाखवून आले. मग बरण्यांपाशी गेले. स्पिरिट ओघळून माझ्या आकड्यांचे निळे डाग झाले होते. त्यांनी आतली चिठ्ठी शोधली, ती नव्हती. कोणत्या गावचा स्पंज, किती खोल, कोणत्या खडकावरचा, हे सगळं त्या चिठ्ठीत होतं. पाठवणाऱ्यानं पाच होड्यांतून माल गोळा केलेला, त्यालाही आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी होऊन सांगितलं, चिठ्ठ्या मी फेकल्या.

"काहून फेकल्या?"

"घाण दिसत होत्या."

सर बराच वेळ फडक्यानं चष्मा पुसत बसले. "पेन्सिल स्पिरिटात टिकते, शाई वाहून जाते. हे मीच तुम्हाले सांगितलं नाही," ते म्हणाले. आणि प्राचार्यांच्या खोलीत जाऊन त्यांनी चिठ्ठ्या आपल्याच हातून गेल्याचं सांगितलं. दार उघडं होतं, मी ऐकलं. प्राचार्य त्यांना काय काय बोलले तेही ऐकलं.

बरण्यांतले उरलेले तुकडे पुन्हा तपासून कडं धरणारा कोणता ते सापडलं, पण तो आता अंगठ्याएवढा राहिला होता. चिमूटभर औषध वेगळं काढायचं तर बादलीभर स्पंज लागतो. आणायचा कुठून? मी तो तुकडा मागून घेतला, त्याचं एक टोक बोटांत चुरलं. आतून काळी वाळू निघाली, जड, बारीक. ती मी ओळखते. माहेरी पावलांना चिकटून घरभर व्हायची. आमच्या खाडीच्या तोंडाबाहेर दोन खडक आहेत, तिथलीच.

दिवाळीच्या सुट्टीत सर माझ्या भावाच्या होडीतून त्या खडकांवर जाऊन आले. भाऊ फोनवर सांगत होता की तुझे सर उलट्या करत होते आणि मधेमधे पाण्याला हात जोडत होते. स्पंज तोच मिळाला. पण कडं आलं नाही. दोनदा पाहिलं, नाहीच. मला भेव लागलं की मी चुकीचं गाव सांगितलं. सर म्हणाले, तसं नाही. पार्सलांची वही काढून त्यांनी दाखवलं: पहिला माल मे महिन्यात तोडलेला, आपण आणला दिवाळीत. झाडाला बारा महिने आंबे लागतात का? भावाला त्यांनी सांगून ठेवलं, येत्या मे महिन्यात त्याच खडकावरचा पाठवा.

एप्रिलात सर गेले. दारव्ह्याला लेकीकडे गेले होते, दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. कॉलेजात एक मिनिट सगळे उभे राहिले. धरणाचं विचारणारे शिक्षक त्यानंतर कितीतरी दिवस चहाला आलेच नाहीत.

बरणी मे महिन्यात आली, सरांच्या नावानं. भावाला मी कळवलंच नव्हतं. कळवलं तर पाठवणार नाही असं वाटलं होतं. सरांच्या जागी नागपूरच्या मॅडम आल्या आहेत. त्यांचं काम औषधाच्या गोळ्यांवरच्या वेष्टनाचं. त्या म्हणाल्या, आता याचं काय करायचं, टाकून द्या. मी आजवर कुणाला दोनदा विनंती केली नव्हती. त्यांना केली. एकच प्लेट लावा म्हटलं, चिरायचं, भिजवायचं, धुवायचं सगळं मी करते. त्या चांगल्या आहेत, हो म्हणाल्या.

प्लेट लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या आधी पोचले. प्लेट उजेडात धरली. कडं आलं होतं. पहिल्याइतकंच, कडेनं जरा तिरकं.

मॅडमनी पाहिलं, छान म्हणाल्या, फोटो काढला आणि मीटिंगला गेल्या. मी प्लेट हातात धरून व्हरांड्यात उभी राहिले. परीक्षा संपलेल्या, सगळ्या खोल्यांना कुलपं. कुणाला दाखवावं ते सुचेना. मग भावाला फोन लावला आणि सगळंच सांगितलं, सर गेल्याचंही. त्याच्या मागून लाटांचा आवाज येत होता, आणि आमची वहिनी कुणाला तरी हाक मारत होती.

मग त्यानं विचारलं, "आता आणखी किती धाडू गो?"

बादलीभर लागतो हे मला ठाऊक होतं; त्यातून औषध वेगळं काढणार कोण, ते नव्हतं.